मुग्धासाठी भरलेल्या एकोणतीस बाटल्या

जमलेल्या सगळ्या गावकऱ्यांना नमस्कार. खेडहून, दाभोळहून उन्हातान्हाचे आलात, त्या पाहुण्यांना नमस्कार. आणि मुग्धा, तुला.

माईक जरा खाली करा. हां, एवढा पुरे.

आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहून बोलले मी. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी मराठी शिकवलंय, त्यांना माझ्या आवाजाचा धाक अजून असेल. पण आजचं वेगळं आहे. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे, हे मला कधीच नीट जमलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा तर मी बोललेच नव्हते. आज बोलणार आहे. थोडं लांबेल, कंटाळा आला तरी उठू नका. विशेषतः मागे बसलेल्यांनी.

माझ्या आधी तिघं बोलले. तिघांनीही सांगितलं की चीफ मनमिळाऊ होते. चीफ मनमिळाऊ नव्हते. बोटीवर चीफ इंजिनियर म्हणून जन्म काढलेला माणूस, इंजिनाच्या आवाजात तीस-पस्तीस वर्षं काढलेली, त्यांना माणसांशी बोलायची सवयच राहिली नव्हती. गावात परत आले, आणि आपण सगळ्यांनी त्यांना 'चीफ, चीफ' म्हणून मान दिला. कोणाच्या ओटीवर जाऊन बसले होते का ते कधी? आणि आपल्यातलं कोण त्यांच्या ओटीवर जाऊन बसलं होतं?

तिघांनीही सांगितलं की चीफ निर्व्यसनी होते. आपल्याकडे गेलेला माणूस शोकसभेत निर्व्यसनीच असतो, ती रीतच आहे. जिवंतपणी ज्याला घरी उचलून आणावं लागायचं, तोही इथे या खुर्चीवरच्या फोटोत गेला की निर्व्यसनी होतो. मी ती रीत आज मोडणार आहे.

चीफ घरी बिअर करत होते. स्वतःच्या हाताने. आणि ती प्यायला मी त्यांच्याकडे जात होते.

कुजबुज करून घ्या. मी थांबते.

झाली? बरं.

कायद्यात काय बसतं आणि काय नाही ते मला विचारू नका. आणि त्यांना आता विचारता येणार नाही. जेट्टीजवळचा गुत्ता बंद करायला बायका निघाल्या होत्या, तेव्हा पुढे मी होते, हे तुम्हाला आठवत असेल. त्या गुत्त्याचा राग मला आजही आहे. त्याने या गावातल्या तीन घरांची राख केली. मी त्याबद्दल बोलत नाहीये. मी पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी दुपारी चार वाजता, दोन म्हाताऱ्या माणसांनी मिळून संपवलेल्या एका बाटलीबद्दल बोलतेय.

हे सुरू कसं झालं तेही सांगते. यजमान गेल्यानंतरचा पहिला मे महिना. दुपारी चीफच्या घरातून असा आवाज आला की मला वाटलं, सिलिंडर फुटला. गडग्याला खिंडार आहे ना आमच्या दोन घरांच्या मधे, त्यातून मी धावले. पाहते तर मागच्या जांभ्याच्या खोलीत काचा, फेस, आणि मधे हा सहा फुटी माणूस हातात फडकं घेऊन, फळा पुसताना सापडलेल्या पोरासारखा उभा. म्हणाले, "बाई, उष्म्याने बाटली फुटली. साखर थोडी जास्त पडली." मी म्हटलं, "सरबताची?" त्यांनी हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाले, "नाही. बिअरची."

मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगते, माझ्या घरात तीन दिवस कोणी एक शब्द बोललेलं नव्हतं. मुलगा ठाण्याला, त्याचा फोन रविवारी. मला तो फुटलेला आवाजसुद्धा बरा वाटला होता.

त्यांनी एक धड बाटली उघडली आणि काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतून माझ्यापुढे ठेवली. बोटीवरच्या एका सोबत्याने त्यांना ही विद्या शिकवली होती. इंडिया पेल एल म्हणतात याला, म्हणाले. आपल्या देशाचं नाव लावलेली, आणि आपल्या गावात कोणी चाखलेली नाही अशी. विलायतेहून बोटीने इकडे यायची, म्हणून टिकायला कडू करायचे, असं म्हणतात म्हणे. "बोटीतून आलेली आहे, म्हणजे माझी नातेवाईकच," असं म्हणाले. एवढा एकच विनोद मी त्यांच्या तोंडून ऐकला.

मी घोट घेतला आणि थुंकले. काढ्यापेक्षा कडू. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, दुसरा घोट घ्या. पहिल्या घोटाला जीभ भांडते." घेतला. दुसऱ्या घोटाला जीभ भांडली नाही. तिसऱ्याला मी म्हटलं, "कडू चालेल हो, पण मागाहून तोंडात जे राहतं ते कुबट आहे. उन्हात विसरलेल्या फडक्यासारखं."

त्यांचे डोळे असे चमकले! म्हणाले, "मला हेच हवंय. चांगलं म्हणणारे नकोत. चुका काढणारं माणूस हवंय."

चुका काढायची तर माझी नोकरीच होती. तेव्हापासून जायला लागले.

मुग्धा, तुला हे सगळं माहीत आहे. पण यांना माहीत नाही, म्हणून सांगते. चीफ काय करायचे? मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे पार्सलने यायचे. ते भरडून मोठ्या टोपात चांगल्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे. त्याचं गोड पाणी निघायचं, आपल्या पेजेसारखं, पण मधाच्या रंगाचं. ते उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या. कडूपणा त्यांचा, वासही त्यांचा. मग निववून, यीस्ट घालून, पिंपात झाकून ठेवायचं. आपल्याकडचा उष्मा त्याला सोसत नाही. म्हणून पिंपाभोवती ओलं गोणपाट. दिवसातून चार वेळा उठून हा माणूस गोणपाट भिजवायचा. आजारी माणसाच्या कपाळावर पट्टी बदलतात ना, तसा. उरलेला चोथा दत्ताच्या म्हशीला जायचा. दत्ता, तू विचारायचास ना, चीफकडचं खाद्य खाऊन म्हैस एवढी खूश का? ते हे.

आणि मी चार वाजता गेले की आम्ही मागच्या पडवीत बसायचो. समोर खाडी. अर्धी बाटली त्यांची, अर्धी माझी. मी सांगायचे, आज पातळ झालीय, आज वास नाही, आज कडूपणा घशात खिळ्यासारखा उभा राहतोय. ते मान हलवायचे. लिहून ठेवत नसत. म्हणायचे, "जन्मभर इंजिनाच्या नोंदी लिहिल्या. आता एकही ओळ लिहिणार नाही. तुमची जीभ आहे ना." बाकी आम्ही फार बोलायचो नाही. पण तो अबोला दोघांचा होता, एकट्याचा नव्हता. यातला फरक ज्याला एकट्याने जेवावं लागतं त्यालाच कळतो.

या माणसाला एकच दुःख होतं. वहिनी, मुग्धाची आई, गेल्या तेव्हा हे बोटीवर होते. मुग्धा मुंबईला मावशीकडे वाढली. हे सुट्टीवर यायचे, तेव्हा ती परक्या माणसाकडे बघावं तशी बघायची. मग ती कॅनडाला गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात? हो. औषधं घेतलीत? हो. बरं, ठेवते. दीड मिनिट. चीफ म्हणायचे, "बाई, मला तिच्याशी काय बोलावं ते सुचतच नाही. ती पोर कर्तव्य म्हणून फोन करते."

मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती सहज म्हणाली की मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर गेले होते, तिथे एक पेल एल प्यायले, फार आवडली. आणि तिचे बाबा म्हणाले, "मी ती घरी करतो."

तो फोन पाऊण तास चालला. दुसऱ्या दिवशी सोमवार, आमचा वार नव्हे, पण चीफ गडग्याशी येऊन उभे राहिले आणि मला हाक मारून सांगितलं, "बाई, पाऊण तास!"

त्यानंतर प्रत्येक रविवारी बापलेक तेवढंच बोलायचे. फेस आला का? गोणपाट भिजवलं का? शेजारच्या बाई काय म्हणाल्या? त्या नव्या पिशवीतले हॉप्स घालून बघा, बाबा. मुग्धा, जगात बापलेकीला बोलायला हजार विषय असतील. तुम्हा दोघांना हा एक सापडला होता, आणि तो पुरला होता.

या वर्षी ती नाताळच्या सुट्टीत येणार होती. तिकीट काढलं होतं. चीफनी दिवाळी संपल्या संपल्या टोप चढवला. थंडीत ती चांगली होते, आणि फार आधी करूनही चालत नाही, वास उडून जातो. त्यांनी दिवस मोजले. तिच्यासाठी तीस बाटल्या भरल्या. प्रत्येक झाकणावर मार्करने 'मु' काढलं. तिसांतली एक आम्ही उघडली, कारण चीफ म्हणाले, "एक बघायला हवी, नाहीतर पोरीसमोर फजिती." तो शनिवार होता. पुढच्या बुधवारी सकाळी त्यांच्या पंपाचं पाणी भरून वाहत माझ्या अंगणात आलं. मी बंद करायला सांगायला गेले. ते पडवीत खुर्चीवर होते. गेलेले.

इथपर्यंत तुमचं-माझं दुःख सारखं आहे. इथून पुढचं मात्र सांगायला अवघड आहे.

मुग्धाला फोन झाला. तिला पोहोचायला तीन दिवस लागणार होते. शीतपेटी आणली. गाव धावून आलं, आणि मी ते विसरणार नाही. बायकांनी घर झाडलं. पोर इतक्या लांबून येणार, घर नीट दिसायला हवं. आणि झाडता झाडता सगळे त्या मागच्या खोलीत पोहोचले. दोन क्रेट. एकोणतीस बाटल्या.

झाडणाऱ्या सुमनने तोंडाला पदर लावला. दत्ता म्हणाला, "अरे देवा. बाई, ह्यांचं काय करायचं वो? पोरीच्या नजरेस पडता कामा नयेत. बापाबद्दल काय वाटेल तिला?"

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिकच आहे. गुत्ता बंद करणारी मी. दारू सोडायच्या शपथा देणारी मी.

दत्ता, मान खाली घालू नकोस. तुझ्या मनात काळंबेरं नव्हतं. सुमनच्याही नव्हतं. गेलेल्या माणसाची अब्रू झाकायची, एवढंच तुम्हाला कळत होतं. तुम्हाला त्या बाटल्या काय आहेत ते माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. 'थांबा, त्या मुग्धाच्या आहेत.' पाच शब्दसुद्धा नाहीत. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, बाई, तुम्हाला कसं ठाऊक? त्या प्रश्नाला मी भ्याले. या वयात, विधवा बाई, शेजारच्या विधुर माणसाच्या पडवीत बसून बिअर पिते. मी भ्याले. मी म्हणाले, "बघा काय ते."

मग आपण सगळ्यांनी त्या बाटल्या वाडीत नेल्या आणि माडांच्या आळ्यात ओतल्या. सात मी ओतल्या. या हातांनी. झाकणावरचं 'मु' वाचत वाचत. सगळ्या वाडीत तो वास उठला. कोणीतरी म्हणालं, "वास बरा आहे वो." मी गप्प बसले. फ्रीजमधली हॉप्सची नि यीस्टची पाकिटं जुनी औषधं म्हणून फेकली, मी गप्प बसले. पिंप दत्ताकडे पाण्याला गेलं, गप्प बसले. आणि तो मोठा टोप राखेने लख्ख घासला. आता बाहेर तुमचा सगळ्यांचा चहा त्यातच उकळतोय.

मुग्धा आली. सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली आणि बाहेर येऊन तिने विचारलं, "बाबांनी माझ्यासाठी बाटल्या भरून ठेवल्या होत्या. त्या कुठे आहेत?" कोणीतरी घाईघाईने म्हणालं, "छे गं, चीफ कुठले पितात? सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नव्हतं." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

काल संध्याकाळी ती माझ्याकडे आली. उद्या तिची खेडहून गाडी आहे. बसली, आणि म्हणाली, "बाई, खरं सांगा. बाबांचं डोकं ठिकाणावर होतं ना? दोन वर्षं ते मला सांगत होते. टोप, पिंप, गोणपाट, बाई अशा म्हणाल्या, बाई तशा म्हणाल्या. इथे तर काहीच नाही. एकटे राहून त्यांना भास व्हायला लागले होते का? आणि मी तिकडे हसत बसले होते का?"

मुग्धा, तू मला एवढं विचारलंस, आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "चहा घेतेस?"

रात्रभर मला तेच ऐकू येत होतं. ज्या माणसाला आयुष्यात पोरीशी बोलायला एकच गोष्ट सापडली, ती आम्ही अब्रूच्या नावाखाली माडाला घातली. आणि आता ती पोर परत जाणार, ती कशी? की माझा बाप भ्रमिष्ट होता, आणि ते पाऊण पाऊण तास खोटे होते.

म्हणून हे तुझ्या कानात सांगून भागणार नव्हतं. खोटं आपण सगळ्यांदेखत बोललो, तेव्हा खरंही सगळ्यांदेखतच बोलायला हवं. उद्यापासून या गावात माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला. बाई प्यायच्या, म्हणा. प्यायचे. एकटी होते, चार वाजता कोणीतरी वाट बघत होतं, म्हणून जायचे. आणि नंतर नंतर आवडायला लागली, म्हणूनही जायचे. गेल्या शनिवारी चार वाजले, तेव्हा मी गडग्याच्या खिंडाराशी जाऊन उभी राहिले होते. सवयीने. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

मुग्धा, बाटल्या मी परत आणू शकत नाही. बाबांनी कुठे एक ओळ लिहून ठेवलेली नाही. ती चाखलेली माणसं जगात दोनच होती, त्यातलं एक गेलं. उरलेली मी. तर ऐक.

झाकण उघडलं, तेव्हा आवाज छोटा आला. चीफ म्हणाले, "साखर बरोबर पडलीय." ओतली तेव्हा रंग जुन्या मधाचा, आणि वर पांढरा फेस, दोन बोटं. तो लगेच बसला नाही, रेंगाळला. नाक जवळ नेलं तर आधी पपनस. सोललेलं नाही, सोलताना नखाखाली साल चिरडते ना, त्या क्षणाचं. मग कच्च्या आंब्याच्या डेखाचा, म्हणजे देठाचा, वास, अगदी हलका. आणि मागून सुरूच्या बनात ऊन तापल्यावर येतो तसा.

पहिला घोट थंड आणि किंचित गोड. भाजलेल्या चपातीच्या कडेची गोडी असते, तेवढीच. मग कडूपणा आला. पण आला तो मागून, हळू, पपनसाच्या पांढऱ्या सालीचा कडूपणा, आणि जिभेच्या दोन्ही कडांना पसरला. घशात टोचला नाही. कुबटपणा कुठेही नाही. गिळल्यावर तोंड स्वच्छ झालं, आणि दुसरा घोट घ्यावासा वाटला. माझी जीभ भांडलीच नाही, पहिल्या घोटालासुद्धा नाही.

मी चूक शोधली. पेला संपेपर्यंत शोधली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी मी म्हटलं, "चीफ, काही चूक नाही."

त्यांनी आपला पेला पालथा घातला. मग म्हणाले, "आता एकही उघडायची नाही. बाकीच्या तिच्या."

मुग्धा, तुझे बाबा पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी तुला फोनवर सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता. ती झाली होती. उत्तम झाली होती. आणि ती तुझी होती.

मला माफ कर, असं मी म्हणणार नाही. ते तुझ्याकडे राहू दे.

आता दोन मिनिटं शांतता पाळूया. ज्यांनी त्या दिवशी वाडीत बाटल्या नेल्या त्यांनीही, आणि मीही. चीफ, उशीर झाला मला. पण सांगितलं.

उठा, बाळांनो. उभे राहा.